पडद्यापुढच्या बाया

सपना मनवरला पीएच.डी.चा विषय तिच्या आईनं दिला, तोही नकळत. जऊळक्याच्या घरी सपना लॅपटॉपवर एक जुना हिंदी सिनेमा थांबवून थांबवून पाहत होती, टिपणं काढत होती. विद्यापीठात नाव नोंदवलं तेव्हा तिचा विषय होता 'हिंदी चित्रपटातील स्त्रीप्रतिमा'. त्या विषयावर आधीच इतके प्रबंध झाले होते की एकावर एक रचले तर माळ्यावर चढायला शिडी लागली नसती. तिची आई गंगू मागं बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. एकाएकी ती म्हणाली, "हे बाई अशी दिसते व्हय! म्या तं हा शिनिमा नुसता आयकला होता."

"आयकला म्हंजे? रेडिओवर?"

"नाई वो. किन्हीराजाच्या यात्रेत. माहं माहेरच हाय ना थे. तंबू टाकीज ये. माणसं पडद्याच्या पुढं बसत, गावातल्या बाया पडद्याच्या मागं. अन् आपल्या वस्तीतल्या बायाईनं कुठंच बसाचं नाई. आमी बाजूच्या रस्त्यावर उभ्या राहू. बाजूनं पडदा पाय बरं, काय दिसते? दोरी. मंग काय करा, आयकू."

गंगूनं हे सांगितलं आणि शेंगांचं सूप उचलून ती आत गेली. सपनानं लॅपटॉप मिटला. त्या दिवशी तिनं पुढं एक ओळ लिहिली नाही.

ज्योत्स्ना मॅडम तिच्या मार्गदर्शक. खेड्यापाड्यांतून आलेल्या कितीतरी मुलींना त्यांनी हाताला धरून शिकवलं होतं. सिनेमाचा कॅमेरा बाईकडे पुरुषाच्या डोळ्यांनी पाहतो, ही गोष्ट सपनाला पहिल्यांदा त्यांच्याच वर्गात कळली होती. सपना त्यांच्यासमोर बसली आणि म्हणाली, "मॅडम, ती पुरुषी नजर पडद्याच्या पुढच्या बाजूला पोचते. मागं बसलेल्या बाईला सगळं उलटं दिसत होतं. रस्त्यावर उभी असलेली तर नुसती ऐकत होती. त्यांनी काय पाहिलं, हे आपल्या एकाही पुस्तकात नाही."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कल्पना चांगली आहे. पुरावा काय? कुठं छापून आलंय? एखादा फोटो?"

"मागच्या बाजूचा फोटो कोण काढणार, मॅडम?"

"मला पटतंय गं. समितीला पटणार नाही. म्हाताऱ्या बायकांच्या आठवणी म्हणून बाजूला सारतील." मग चष्मा परत लावत म्हणाल्या, "एक प्रकरण लिहून आण. त्यावर ठरवू."

एवढी फट सपनाला पुरली. हरभऱ्याला घाटे धरायला लागले होते तेव्हा ती स्कुटीवर किन्हीराजाला जायला लागली. चार घरी तिला 'आमाले काही आठवत नाई' हेच उत्तर मिळालं. पाचवं घर प्रयागबाईंचं. सत्तरी ओलांडलेली बाई, अंगानं वाळकी, पण आवाज असा की गोठ्यातली गाय मान वर करून पाही. नवरा जानराव ऐंशीचा, ओसरीवर खाटेवर बसलेला. मुलगा माणिकराव यात्रा कमिटीचा अध्यक्ष. आईनं ऐकलेल्या त्या सिनेमाचं नाव काढताच प्रयागबाईंनी सपनाला मागच्या परसात नेलं आणि तिथं बाजेवर बसवलं.

"आमाले सगळं उलटं दिसे," त्या सांगायला लागल्या. "हिरो डाव्या हातानं जेवे. आमी म्हणो, शहरातली माणसं अशीच राह्यतात. मी चौथी शिकेल होती, मले वाचता ये, पण पडद्यावरचं अक्षर वाचता ये नाई. मले वाटे, शिनिमाची भाषाच न्यारी हाय. लय वर्सानं कळलं का अक्षर सरकं होतं, मलेच उलट्या बाजूनं बसवलं होतं."

"मग पुढं जाऊन कोणीच पाहिलं नाही का, आजी?"

प्रयागबाईंनी ओसरीकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. त्यांची नणंद भागिरथा तेव्हा पंधराची. एका यात्रेत तिनं भावाचा, म्हणजे जानरावचा, सदरा घातला, डोक्याला रुमाल गुंडाळला आणि पोरांमध्ये पुढं जाऊन बसली. मध्यंतराला दिवे लागले. कोणीतरी ओळखलं. जानरावनं तिला केसाला धरून घरापर्यंत आणलं. महिनाभरात तिचं लग्न लावून तिला धनजला धाडलं.

"त्या राती मी तिच्या पाठीले हळद लावत होती," प्रयागबाई म्हणाल्या. "अन् ते पोरगी मले काय सांगते? वयनी, हिरॉईनच्या डाव्या गालावर तीळ हाय. मी म्हटलं, चूप बस, उजव्या गालावर हाय, म्या सोता पाह्यला. पाठ फुटली होती तिची, तरी माह्याशी भांडली."

सपना धनजला गेली ती कारंज्याहून बस बदलून. भागिरथाबाई अंगणात वाळवणावरच्या चिमण्या हाकत होत्या. किन्हीराजाचं नाव ऐकताच त्यांचा चेहरा बंद झाला. "त्या गोष्टीले म्या माती देली, पोरी. पाणी पे अन् जाय."

सपना पाणी प्यायली आणि उठली. फाटकापाशी पोचली तेव्हा मागून आवाज आला, "वयनीनं काय काय सांगतलं?"

"सगळं सांगितलं. आणि हेही सांगितलं की हिरॉईनच्या उजव्या गालावर तीळ होता."

"झूट!" भागिरथाबाई ताडकन उठल्या. "डाव्या गालावर! म्या पुढून पाह्यला. बस इथं."

मग त्या दुपार कलेपर्यंत बोलल्या. माराचं त्यांना फारसं काही वाटलं नव्हतं. राग होता तो अर्ध्यातून उठवल्याचा. नायिकेला सासऱ्यानं वाड्याबाहेर काढलं होतं, कडेवर पोरगी होती, नवरा खाली मान घालून उभा होता, आणि तेवढ्यात दिवे लागले. पुढं काय झालं ते त्यांना आजवर माहीत नव्हतं. टीव्हीवर तो सिनेमा कितीदा लागला. दर वेळी त्या उठून चुलीपाशी गेल्या.

"काहून?" सपनानं विचारलं. बोलता बोलता तिच्याही तोंडात घरची बोली आली होती.

"काहून म्हंजे? चोरून पाह्यला म्हणून मारलं ना मले? मंग घरात दडून कायले पाहू? पाहीन तं त्याच गावात, त्याच पडद्यापुढं, अन् लुगड्यावर."

सपनाला परतीच्या बसमध्ये खिडकीबाहेरचं काही दिसलं नाही. किन्हीराजाच्या माघातल्या यात्रेत पडदा अजून लागत होता, हे तिला ठाऊक होतं. तंबू गेला होता, रिळं गेली होती. आता गावोगावच्या यात्रा करणारा बाबूसिंग नावाचा माणूस गाडीत प्रोजेक्टर घालून आणी. गावात घरोघरी मोबाईल, पोरी कॉलेजात, तरी त्या एका संध्याकाळी माणसं पुढं आणि बाया पडद्यामागं. कोणी विचारलं की उत्तर तयार असे : रीत हाय.

ती माणिकरावकडे गेली. पन्नाशीचा, अंगानं भरलेला, बोलायला गोड माणूस. या वर्षी तो जुना सिनेमा लावा आणि मला बायांच्या प्रतिक्रिया रेकॉर्ड करू द्या, एवढंच तिनं मागितलं. माणिकरावला त्यात गावाचं नाव होताना दिसलं. "जुना शिनिमा म्हातारे लोक बी पाह्यतीन. लावू. पण बाया आपल्या जागी बसतीन. तुमी मागं जाऊन काय थे रेकॉर्ड करा."

सपनानं मान हलवली. भागिरथाबाईंना तिनं फोनवर फक्त तारीख सांगितली. ये म्हटलं नाही, नको येऊ म्हणूनही सांगितलं नाही.

यात्रेच्या दिवशी सूर्य बुडता बुडता शाळेमागच्या पटांगणात दोन बांबूंवर पडदा चढला. पुढं सतरंज्या पसरल्या आणि सतरंज्यांपुढं जानरावसाठी हात असलेली खुर्ची मांडली. मागच्या बाजूला बाया आपापली गोणपाटं टाकून बसत होत्या. सपना तिथंच स्टँडवर कॅमेरा बसवत होती. तिची आई गंगू तिच्यासोबत आली होती, पण सवयीनं बाजूच्या रस्त्यावर थांबली होती, हातात चप्पल धरून.

तेवढ्यात पुढून गलका झाला. सपना स्टँडसकट कॅमेरा उचलून पडद्याच्या कडेनं धावली.

भागिरथाबाई आल्या होत्या. हिरवं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात पिशवी. त्या माणसांच्या मधल्या वाटेनं सरळ चालत आल्या, पिशवीतून घडीची चादर काढली आणि भावाच्या खुर्चीपुढं अंथरून बसल्या. पोरं हसली.

माणिकराव लगबगीनं आला. "आत्या, कवा आली? घरी नाई आली? चाल, तुही जागा तिकडं हाय."

"कोनी ठरवली?"

"रीत हाय ना, आत्या."

"बाबूसिंग!" भागिरथाबाईंनी मागं वळून हाक दिली. "तू पडदा लावतं. बायाईनं मागं बसा असं तुह्या मशीनीत लिवलं हाय काय?"

बाबूसिंग वायर जोडत होता. "नाई माय," तो म्हणाला आणि पुन्हा वायरीकडे वळला.

जानरावनं काठी जमिनीवर आपटली. "माणक्या, उठव तिले."

भागिरथाबाईंनी भावाकडे पाहिलं. त्यांचा आवाज चढला नाही. "त्याले काहून सांगतं, दादा? तूच उठव. तुले सवय हाय."

जानराव काठीवर भार देऊन उठायला गेला, अर्धा उठला आणि परत बसला. माणिकरावचा चेहरा लाल झाला होता. यात्रेला आलेली आत्याबाई, तिच्या दंडाला सगळ्या गावादेखत हात कसा लावायचा? त्यानं बाबूसिंगकडे वळून सांगितलं, "मशीन बंद ठेव. बाया मागं जातवर शिनिमा लागणार नाई."

"नाई लागला तं नाई लागला," भागिरथाबाई म्हणाल्या. "मी बसली हाय."

तेवढ्यात पडद्याचं खालचं टोक हललं. कोणीतरी ते वर उचललं आणि त्याखालून आधी एक हात आला, मग प्रयागबाईंचं पांढरं डोकं. त्या वाकून पुढच्या बाजूला आल्या, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि नणंदेशेजारी जाऊन बसल्या. नवऱ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. त्यांच्यामागून एक सून आली. मग दोन कॉलेजच्या पोरी खिदळत आल्या. मग लेकरं काखेत घेतलेल्या बाया आल्या. एकीनं पडदा धरून ठेवायचा आणि दुसरीनं खालून यायचं, असं सुरू झालं. सतरंज्या कमी पडल्या. प्रयागबाईंनी सपनाला हाक मारली, "पोरी, थे कॅमेरा ठेव अन् हे ताडपत्री धर."

सपना क्षणभर थबकली. संशोधकानं पाहायचं असतं, हात घालायचा नसतो, हे तिला वर्गात शिकवलं होतं, परीक्षेत तिनं तसं लिहिलंही होतं. तिनं स्टँड जमिनीवर टेकवून कॅमेरा बायांकडे वळवला, चालू ठेवला आणि ताडपत्रीचं एक टोक धरलं.

ताडपत्री पसरताना तिचं लक्ष रस्त्याकडे गेलं. गंगू अजून तिथंच होती. प्रयागबाईंनीही पाहिलं. "गंगू, ये वो इकडं," त्या म्हणाल्या आणि थोड्या सरकल्या.

गंगू आली, पण सरकून दिलेल्या कडेच्या जागी बसली नाही. ताडपत्रीच्या बरोब्बर मध्यावर गेली आणि मांडी घालून बसली. "कोनी बोलावलं म्हणून नाई आली मी," ती म्हणाली. "मले पाहाचं हाय म्हणून आली."

"तं पाय ना, मी कुठं नाई म्हणतो," प्रयागबाई म्हणाल्या.

माणिकराव आईसमोर उभा राहिला. "माय, तू बी?"

"मी बी."

"लोक काय म्हणतीन?"

"लोक इथंच बसले हायेत. इचार त्याईले."

अंधार दाट झाला. माणसं उभी होती, बाया बसल्या होत्या. बाबूसिंगनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "माणिकभाऊ," तो म्हणाला, "मले अंधार झाला का फिल्म लावा लागते. कोन कुठं बसलं थे माह्या कामातलं नाई." आणि त्यानं बटण दाबलं.

पडद्यावर उजेड आला तसा जानराव उठला आणि काठी टेकत घराकडे चालू लागला. माणिकराव चार पावलं त्याच्यामागं गेला, थांबला, वळून पाहिलं, आणि बांबूला टेकून तिथंच उभा राहिला. काही तरणे तावातावानं पडद्यामागं जाऊन बसले. बायांच्या मागं बसण्यापेक्षा ते बरं. थोड्याच वेळात तिकडून ओरड आली, "अरे, नावं उलटी दिसून राह्यली ना!"

प्रयागबाईंनी गळा काढून उत्तर दिलं, "आमी पन्नास वर्सं तसंच वाचलं, बाप्पा! तुमी एक दिवस वाचून पाहा!"

असं हसू उठलं की पडद्यावरचं पहिलं गाणं कोणाला ऐकूच आलं नाही. बाया टाळ्या देऊन हसत होत्या. मग नायिका पहिल्यांदा जवळून दिसली. प्रयागबाई पुढं झुकल्या, डोळे बारीक करून पाहत राहिल्या, आणि नणंदेच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "डाव्याच गालावर हाय, बाई. तूच खरी." भागिरथाबाईंनी तो हात तसाच धरून ठेवला.

सासऱ्यानं नायिकेला बाहेर काढलं. सासऱ्यानं नायिकेला बाहेर काढलं. भागिरथाबाईंची पाठ ताठ झाली. इथून पुढचं त्यांनी पाहिलं नव्हतं. नायिकेनं शहरात जाऊन एका शिंप्याकडे शिवणकाम केलं, पोरीला वाढवलं, आणि शेवटी नवरा आजारी पडल्यावर ती परत वाड्यात आली. सासरा रडला. तिनं त्याच्या पायावर डोकं ठेवलं. नवऱ्यानं तिच्या भांगात कुंकू भरलं. सनई वाजली. सिनेमा संपला.

"बस?" भागिरथाबाई उभ्या राहिल्या. "झाला? एवढाच?"

"झाला, माय," बाबूसिंग म्हणाला.

"माफ केलं तिनं? त्याले? पायावर डोकं ठेवलं?" त्या पडद्याकडे बोट करून ओरडल्या. "म्या पन्नास वर्सं ह्याच्यासाठी जीव टांगून ठेवला? माह्या डोक्यात तं ते कवाच परत आली नाई! म्या तिले मोठ्ठी बंगलेवाली केली होती. सासरा कामाले ठेवला होता म्या तिच्या घरी!"

"अन् नवऱ्याचं काय केलं?" कोणीतरी विचारलं.

"नवरा? थो अजून उभाच हाय फाटकात."

मग ताडपत्रीवर जो गोंधळ उडाला तसा गंगूनं रस्त्यावरून कधी ऐकला नव्हता. एकीचं म्हणणं, तिनं वाडा पोरीच्या नावावर करून घ्यायला पाहिजे होता. कॉलेजातली एक पोरगी म्हणाली, तिनं दुसरं लग्न करायचं होतं. एका म्हातारीनं तिला दटावलं आणि मग स्वतःच म्हणाली, "पण शिंप्यासोबत नको, थो दारू प्यायचा दिसते." गंगूनं सांगितलं की तिनं ऐकलेला शेवट निराळाच होता, सनई वाजली तेव्हा तिला वाटलं होतं की पोरीचं लग्न लागलं आणि आई मोकळी झाली. कॅमेरा चालू होता. सपना ताडपत्रीच्या कडेला बसून ऐकत होती आणि तिला कळत होतं की प्रकरण असं समोर बसलं आहे.

त्याचा त्रास पुढं व्हायचा तो झालाच. कोणीतरी मोबाईलवर काढलेलं चित्रण गावोगाव फिरलं, त्याखाली नको नको ते लिहून आलं. 'जऊळक्याच्या पोरीनं गावच्या बाया बिघडवल्या' हे तर बरं म्हणावं असं. बाकीच्यात तिची जात काढली होती. किन्हीराजाचे चार जण विद्यापीठात जाऊन विभागप्रमुखांना भेटले. ज्योत्स्ना मॅडमनी सपनाला बोलावून घेतलं. "एक माफीचं पत्र दे. प्रकरण शांत होईल. विषय आपण जुनाच ठेवू."

"मॅडम, आधी हे ऐका," सपना म्हणाली आणि तिनं ताडपत्रीवरचं ते भांडण लावलं. मॅडमनी चष्मा काढला. सासरा कामाला ठेवल्याचं आलं तेव्हा त्या हसल्या. गंगूचं आलं तेव्हा हसू थांबलं. त्यांनी ते परत लावायला सांगितलं.

सपनानं प्रकरण लिहिलं आणि ते समितीपुढं गेलं. समितीत पाच जण होते. मधल्या सरांनी सुरुवात केली, "तुम्ही क्षेत्रात हस्तक्षेप केला."

"केला, सर. ताडपत्रीचं एक टोक माझ्या हातात होतं. प्रकरणाच्या पहिल्या वाक्यात तसं लिहिलंय."

"मग हे तटस्थ संशोधन कसं?"

"माझी आई त्या पडद्याच्या बाजूला उभी राहून सिनेमे ऐकायची. मी तटस्थ कुठं उभी राहू, तेवढं दाखवा. पुढं, मागं, की रस्त्यावर?"

सरांनी कागद उलटले. "ते वाक्य काढा. माफीचं पत्र जोडा. विषय पूर्ववत करा. मग विचार करू."

"नाही, सर."

"नाही म्हणजे?"

"वाक्य राहील. पत्र देणार नाही."

सगळ्यांनी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी पेनाला टोपण लावून ते टेबलावर ठेवलं. मग म्हणाल्या, "मार्गदर्शक म्हणून त्या प्रकरणावर मी सही केली आहे. नाकारायचं असेल तर माझ्या नावासकट नाकारा, आणि कारण लेखी द्या."

लेखी द्यायची कोणाची तयारी नव्हती. निर्णय पुढच्या बैठकीवर गेला, आणि तो अजून आलेला नाही.

किन्हीराजाला जानराव बायकोशी बोलत नाही. प्रयागबाई दोन वेळा ताट वाढून त्याच्यापुढं ठेवतात. "खाल्लं तं खाल्लं," त्या सांगतात, "मले भूक लागते, मी जेवतो." माणिकरावनं पुढच्या यात्रेत सिनेमा बंद अशी घोषणा केली. त्यावर गावातल्या बचत गटांनी एक होऊन बाबूसिंगची संध्याकाळ आपल्या नावानं ठरवून टाकली. माणसं कुठं बसवायची यावर त्यांच्यात अजून वाद आहे.

गेल्या आठवड्यात भागिरथाबाईंचा फोन आला. धनजच्या बायांनाही आपापल्या सिनेमांचे शेवट बदलायचे होते, लवकर ये म्हणाल्या. सपनानं रेकॉर्डरमध्ये नवे सेल घातले. गंगू दारात चप्पल घालून उभीच होती.

"तू कुठं चालली, माय?"

"तुह्यासंग," गंगू म्हणाली. "माह्याजवळ बी लय शिनिमे हायेत."